गाडी पाहावी खोलून!

'घर पाहावं बांधून नि लग्न पाहावं करून' असं आपल्याकडे म्हणतात. मैत्रिणींनो, त्यात माझी एक भर घाला : गाडी पाहावी खोलून! गाडी म्हटल्यावर दारात उभी राहणारी चारचाकी तुमच्या डोळ्यांपुढे आली असेल. छे हो, तेवढी आमची ऐपत कुठली? मी म्हणतेय ती हातभर लांबीची, बॅटरीवर पळणारी रिमोटची गाडी. पण नुसतं खेळणं नव्हे बरं का. ट्रॅक आखून, घड्याळ लावून जिच्या शर्यती होतात, ती. म्हसवडसारख्या गावातल्या, ब्लाउज शिवून चार पैसे मिळवणाऱ्या बाईला हे कुठून सुचलं, असं तुम्ही म्हणाल. म्हणूनच पहिल्यापासून सांगते.

मार्गशीर्षात आमच्याकडे सिद्धनाथाची रथयात्रा भरते. दोन वर्षांपूर्वी धाकटीला घेऊन मी यात्रेत गेले. ती तेव्हा सातवीत होती. पाळण्याकडे ढुंकूनही न पाहता बाईसाहेब खेळण्यांच्या दुकानापुढे रुतून बसल्या. लाल रंगाची, चकचकीत, दिवे लागणारी गाडी. दुकानदाराने अठराशे सांगितले, मी घासाघीस करून चौदाशेला घेतली आणि मोठा गड जिंकल्यासारखी घरी आले. शेजारच्या काकूंनी लगेच विचारलं, "अगं, पोरीच्या जातीला गाडी कशाला? भातुकली घ्यायचीस." सातवीतल्या मुलीला भातुकली! मी हसून सोडून दिलं.

अकराव्या दिवशी गाडी बंद पडली. मी बाहेरून आले तर धाकटी जमिनीवर बसलेली, पुढ्यात गाडीचे तुकडे, आणि हातात माझ्या शिलाई मशीनचा स्क्रू-ड्रायव्हर. त्याचंही टोक तुटलेलं. दिवाळीची शिलाई अजून वसूल व्हायची होती, डोकं आधीच तापलेलं. माझा हात उठला. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, मी मोडली नाही. मोडली होती म्हणून खोलली."

त्यानंतर महिनाभर तिनं माझ्याकडे काही मागितलं नाही. वही नाही, रिबीन नाही, सहलीचे पैसेसुद्धा नाहीत. मूल रुसलं की कळतं, रुसवा काढताही येतो. पण मुलानं मागायचंच सोडलं की आईच्या पोटात गोळा येतो, हो की नाही?

शेवटी एके दिवशी ते तुकडे पिशवीत घालून मी मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, टाकून द्या. सगळं एकाच पट्टीवर डाग देऊन चिकटवलंय. यात बदलता येईल असं काही नाहीच." म्हणजे पोरीचं खरं होतं. चूक तिच्या खोलण्यात नव्हती, माझ्या निवडीत होती. मी रंग पाहिला, दिवे पाहिले, घासाघीस केली. मोडली तर काय, हे विचारलंच नाही. माझं मशीन घेताना मात्र बॉबिन केस गावात मिळते का, हे आधी विचारलं होतं!

मे महिन्यात पुण्याला नणंदेकडे गेलो. भाचा इंजिनिअरिंगला आहे. मुंबईच्या आयआयटीत १९९८ पासून टेकफेस्ट भरतो, तसे महोत्सव आता कितीतरी कॉलेजांत होतात, आणि रिमोटच्या गाड्यांच्या शर्यती हे त्यातलं एक मोठं आकर्षण. भाच्याच्या मित्रमंडळींनी सुट्टीत एका मोकळ्या फरशीवर ट्रॅक आखला होता. धाकटी तिथे तीन तास उभी होती. पाणी प्यायलासुद्धा हलली नाही. परत येताना मला वाटलं, आता तरी मागेल. नाही मागितलं. म्हसवडला आल्यावर तिच्या गणिताच्या वहीचं शेवटचं पान पाहिलं, तर सगळी वळणं मोजूनमापून त्यावर काढलेली.

मग मीच म्हटलं, "घेऊ या का गं एक गाडी? पण या वेळी नीट पाहून."

माझे अठरा हजार साठले होते. आमच्या गावात बायकांनी बायकांसाठी १९९७ साली काढलेली माणदेशी महिला सहकारी बँक आहे. तिथे दरमहा थोडे थोडे टाकत होते. पिको-फॉलचं मशीन घ्यायचं होतं मला. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "पैसे तुझे आहेत, तू ठरव. पण पुन्हा अकरा दिवसांची गाडी नको." झालं! आता माझ्या अकलेचाच प्रश्न आला.

आम्ही मायलेकी चौकशीला लागलो. भाच्याला फोन करकरून त्याला भंडावून सोडलं. त्यातून जे कळलं ते तुमच्या कामी यावं म्हणून लिहिते. आज ना उद्या तुमच्याही घरी ही मागणी येणारच.

पहिलं म्हणजे खेळण्यातली गाडी आणि शर्यतीची गाडी यांत फरक काय? खेळण्याच्या रिमोटचं बटण दिव्याच्या बटणासारखं असतं. लागलं की पूर्ण, नाही तर बंद. वळली तर एकदम वळणार. शर्यतीच्या गाडीचा रिमोट शिलाई मशीनच्या पायट्यासारखा. जेवढं दाबाल तेवढा वेग, चाक जेवढं फिरवाल तेवढंच वळण. शिवाय तिचा प्रत्येक अवयव वेगळा. मोटर वेगळी, वेग सांभाळणारं यंत्र वेगळं, चाकं वळवणारा सर्व्हो वेगळा, रिमोटचा हुकूम ऐकणारा रिसीव्हर वेगळा. जे बिघडेल तेवढंच बदलायचं. दुकानात गेल्यावर एकच प्रश्न विचारा : "पुढच्या चाकाचा नुसता हात सुटा मिळेल का?" धडक बसली की तो पहिला मोडतो. "तसं सुटं नाही मिळत" असं उत्तर आलं, की गाडी कितीही देखणी असो, पायरी उतरा.

दुसरं म्हणजे गाडीच्या आधी जमीन पाहा. मोठी चाकं आणि उंच पोट असलेली बग्गी माती-मुरमावर पळते. मोटारीच्या घाटाची, पोट जमिनीला लागेल इतकी खाली बसलेली टूरिंग गाडी डांबरावर, फरशीवर किंवा गालिच्यावर. म्हसवडला मुरूम काय कमी? म्हणून माझं मन बग्गीकडे झुकलं होतं. पण पुण्याच्या मुलांचा ट्रॅक फरशीचा, आणि आमच्या शेतात बाजरीच्या मळणीसाठी काँक्रीट केलेलं खळं वर्षातले दहा महिने मोकळंच असतं. म्हणजे सराव आणि शर्यत, दोन्ही एकाच जातीच्या जमिनीवर. टूरिंग गाडीच ठरली. मोजमाप म्हणाल तर खऱ्या मोटारीच्या एक-दशांश. या मापाच्या गाड्या शर्यतीत खूप, म्हणून सुटे भागही खूप.

तिसरा प्रश्न मोटरचा, आणि तिथे मायलेकींचं बिनसलं. बाजारात दोन प्रकार. ब्रशवाली मोटर साधी आणि स्वस्त. झिजली तर थोडक्या पैशात अख्खी बदलावी. ब्रशलेस मोटर महाग, पण तिचा वेग पाहून डोळे फिरतात. धाकटीला अर्थात दुसरी हवी होती. भाचा सांगत होता की नवशिक्यांचा गट वेगळा असतो, त्यात सगळ्यांना एकाच प्रकारची साधी मोटर. आधी गट विचारा, मग मोटर घ्या. पण ती ऐकेना.

इथे आमचे मामंजी मध्ये पडले. ते मध्ये पडले याचंच घरात सगळ्यांना नवल वाटलं.

त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. आमचा माणदेश खिल्लार जनावरांचा. म्हसवडच्या नावानंही खिल्लारचा एक प्रकार ओळखला जातो. मामंजींनी उभा जन्म शर्यतीची बैलं सांभाळली. खरसुंडीच्या बाजारातून खोंड आणायचा आणि पोटच्या पोरासारखा वाढवायचा. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या. त्या पावसाळ्यात त्यांनी जोडी विकली. दुष्काळी मुलूख, नुसतं बांधून किती दिवस चारा घालणार? जोडी गेल्यावर त्यांनी कासरा गोठ्यातल्या खुंटीला अडकवला आणि शर्यत हा शब्दच टाकला. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदाही कायम ठेवला. गावोगावी पुन्हा धुरळा उडू लागला, पण मामंजी पाहायलाही गेले नाहीत. बैलांना टोचणी लावणारे, मारझोड करणारेही त्यांनी पाहिले होते. "बंदी उगाच आली न्हवती," एवढं एकदा म्हणाले होते.

तर आमचा मोटरवरून वाद चाललेला, आणि ओसरीवरून आवाज आला, "पोरी, आदत खोंडाला पयल्या दिशी फायनलला कुणी जुपतं का गं?"

आदत म्हणजे ज्याचे अजून दुधाचे दात पडले नाहीत असा खोंड. बैलांच्या शर्यतीतही आदतचा गट वेगळा असतो. धाकटी वळली. "मग आबा, खोंड कसा निवडायचा?"

"बाकीचे रंग बगायचे, शिंगं बगायचे. मी खूर बगायचो. आन् चालवून बगायचो. पळवून न्हाय, चालवून. जो चालताना सरळ चालतोय, तो पळताना सरळ पळतोय. वेग मागनं येतो. सरळपणा मागनं येत न्हाय."

दहा वर्षांत मामंजी एका दमात एवढं बोलले नव्हते. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी हलवत बसले.

ब्रशवाली मोटर ठरली. आता गाडी नवी की जुनी? टामिया ही जपानी कंपनी १९७६ पासून रिमोटच्या गाड्यांचे जोडणीचे संच काढते. पहिली गाडी होती पोर्शे ९३४. तिचाच टीटी-०२ नावाचा सांगाडा २०१३ साली आला, आणि नवशिकी मुलं पुष्कळदा त्यावरच हात बसवतात. चारही चाकांना जोर, मधून दांडा, दातेरी चाकं बंद डब्यात, म्हणजे आपल्याकडच्या धुळीला शिरायला वाव कमी. आणि इतकी वर्षं चालत आलेली, म्हणून तिचे सुटे भाग मिळतात. मात्र संचाची किंमत ऐकून हुरळून जाऊ नका. ब्लाउजपीसची किंमत म्हणजे ब्लाउजची किंमत नव्हे. अस्तर, हुक, शिलाई धरावी लागते ना? तसंच इथे. खोक्यात मोटर असते, पण रिमोट, रिसीव्हर, सर्व्हो, बॅटरी आणि चार्जर बहुधा वेगळे घ्यावे लागतात.

भाच्याचा एक मित्र नोकरीसाठी बंगळुरूला निघाला होता, त्याची टीटी-०२ साडेआठ हजारांना मिळत होती. आम्ही मामंजींची परीक्षा लावली. वरचं कवच चरे पडून विद्रूप झालेलं. तिकडे पाहिलंच नाही. प्रत्येक चाक धरून हलवलं, किती खिळखिळं आहे ते पाहिलं. चारही हातांना चीर नाही ना, स्क्रूची तोंडं झिजली नाहीत ना, मोटरला जळका वास नाही ना, हे पाहिलं. मग फरशीवर सरळ रेषेत हळू चालवली. मी डोळे मिटून नुसता आवाज ऐकला. पंधरा वर्षं मशीन चालवतेय, कोरडं फिरणारं काही असेल तर माझ्या कानाला कळतं. मागच्या उजव्या चाकात घरघर होती. खोलल्यावर निघालं, की सुरुवातीचे प्लॅस्टिकचे बुश तसेच होते आणि त्यातला एक झिजला होता. तिथे छोटी बेअरिंग बसवली, आणि घरघर गेली.

याच्या आधी एक आणखी स्वस्त गाडी पाहिली होती. तिचा रिमोट जुन्या २७ मेगाहर्ट्झचा होता. त्यात दोघांचा पट्टा एकच आला, तर एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी वळते! आताचे २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आपल्याच गाडीशी जोडी जुळवतात. म्हणून रिमोट नवाच घेतला. हिशेब असा : गाडी साडेआठ हजार, रिमोट आणि रिसीव्हर अडीच हजार, दोन बॅटऱ्या आणि चार्जर साडेतीन हजार, सुटे भाग एक हजार. एकूण साडेपंधरा हजार. पिको मशीन लांबलं.

आता बॅटरीबद्दल. हे मात्र प्रत्येक आईने लक्ष देऊन वाचावं. आम्ही ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड घेतली. ती जरा जड, पण नवशिक्या हाताला सोसणारी. दुसरी असते लिथियम पॉलिमरची, ७.४ व्होल्टची, हलकी, जोरकस आणि तेवढीच तापट. तिच्या प्रत्येक घराला ४.२ व्होल्टच्या वर भरायचं नाही, ३ च्या खाली उतरू द्यायचं नाही, आणि वापरात नसेल तेव्हा ३.८ च्या आसपास ठेवायचं. तिला तिचाच चार्जर लागतो. फुगली तर मोह न धरता बाद करा. पण केरात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. आणि बॅटरी कुठलीही असो, गॅसजवळ, अंथरुणावर किंवा घरात कुणी नसताना चार्जिंगला लावू नका. आमच्याकडे ती फरशीवर, मातीच्या परातीत ठेवून, माझ्या डोळ्यांसमोर चार्ज होते. मी उठले की वायर निघाली.

ट्रॅकला खर्च शून्य! डाळिंबाच्या बागेतल्या बाद झालेल्या ठिबकच्या नळ्या खळ्यावर मांडून वळणं आखली. एका बॅटरीत पंधरा-वीस मिनिटं गाडी पळते. पहिल्या आठवड्यात ती पळण्यापेक्षा नळ्यांवरच जास्त आदळली. मग भाच्याने रिमोटमध्ये सोय करून वेग निम्म्यावर बांधून दिला, तेव्हा कुठे हात बसला. खेळून झालं की धूळ रंगाच्या ब्रशने झाडायची. पाणी लावायचं नाही. संध्याकाळी मामंजी खळ्याच्या कडेला येऊन बसायला लागले. हातात ज्वारीचे दाणे. एक फेरी झाली की एक दाणा या मुठीतून त्या मुठीत.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या मुलांनी नवशिक्यांची शर्यत ठेवली. आठ गाड्या, त्यात मुलगी ही एकटीच. नियम साधा : पाच मिनिटांत कोण जास्त फेऱ्या मारतो. ज्यांची फेरी संपली त्यांनी पुढच्या फेरीत ट्रॅकवर उभं राहून दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. मला हे फार आवडलं. आत्ता ज्याच्याशी चुरस केली, त्याचीच गाडी धावत जाऊन उचलायची!

पहिल्याच फेरीत तिसऱ्या वळणावर मागून धडक बसली आणि आमच्या गाडीचा पुढचा हात मोडला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. धाकटी मात्र गाडी उचलून टेबलाशी आली, डबा उघडला. तिच्या हातात नवा स्क्रू-ड्रायव्हर होता. यात्रेतल्या गाडीपायी मोडला होता, त्याच्या जागी मी घेऊन दिलेला. मामंजी शेजारी स्क्रू तळहातावर धरून उभे. जुना हात निघाला, नवा बसला. अंतिम फेरीला गाडी वेळेवर रेषेवर उभी राहिली. वेगानं पळणाऱ्या दोन गाड्या आपसांत आदळून बाहेर पडल्या. आमची हळूच, पण एकदाही न उलटता, पाच मिनिटं फिरत राहिली. नंबर चौथा आला. बक्षीस तिघांनाच होतं.

एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. मध्येच डोळे न उघडता म्हणाली, "आई, पुढच्या दोन चाकांचे टायर झिजलेत. घेशील?"

मागितलं हो तिनं! मैत्रिणींनो, बक्षीस ते काय वेगळं असतं?

पिको मशीन अजून आलेलं नाही. या खेपेस भिशीत माझा नंबर लागेल म्हणतात, बघू. टायर मात्र आले. मामंजींच्या मुठीत परवा सत्तावीस दाणे भरले. त्यांचं म्हणणं अठ्ठावीस, एक खाली पडला. आजा-नातीचा वाद चालू आहे, आणि मी त्यात पडणार नाही!